कोड तुमच्या नावाचा, तर परीक्षाही तुमचीच

नमस्कार काका,

मी मानेवाड्याला राहते. वय 36, बारावी झालेली. मिस्टर राज्य सरकारच्या एका कार्यालयात लिपिक आहेत. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. दोन वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, पण आता गल्लीगल्लीत क्लासेस झाले आणि माझ्याकडची मुलं कमी होत गेली. घरात चार पैसे यावेत आणि मलाही काही काम असावं, म्हणून विमा एजंटचं लायसन्स काढायचं डोक्यात आहे.

मिस्टरांच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, "वहिनी, सहा हजार द्या, परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. तुमच्या जागी आमचा माणूस पाहून घेईल. महिन्याभरात एजंटचा कोड हातात." मिस्टर म्हणून राहिले की तुझ्या नावानं काढू, ऑफिसातले पन्नास-साठ लोक मी करतो, तू फक्त सह्या कर. मला काही समजून नाही राहिलं. माझ्या कागदांचाही घोळ आहे. दहावीची मार्कशीट आणि पॅन माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. गणित कच्चं, दहावीला काठावर पास. एलआयसीच्या विमा सखी योजनेबद्दल ऐकलं, त्यात खरंच महिन्याला सात हजार मिळतात का? आमच्या दोन्ही घरांत कोणी एजंट नाही. आणि मुख्य म्हणजे या धंद्यात खरंच पैसे सुटतात, की नातेवाईक संपले की धंदा संपला?

एक वाचक, मानेवाडा, नागपूर

ताई,

आधी त्या सहा हजारांचं सांगतो, कारण ते गृहस्थ उद्या-परवा पुन्हा येतील. पैसे देऊ नका. दिले असतील तर परत मागा. आणि तुमच्या जागी दुसरं कोणी परीक्षेला बसणार असेल, तर त्या बोलण्याला आजच पूर्णविराम द्या.

ज्या परीक्षेची ते भीती घालत आहेत ती कशी आहे ते पाहा. तिला आयसी-38 म्हणतात, मुंबईची भारतीय विमा संस्था ती घेते. संगणकावर 50 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ एक तास. 35 टक्क्यांना पास, म्हणजे 50 पैकी 18 उत्तरं बरोबर आली की झालं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठीतून देता येते. फी काही शे रुपये असते आणि ती कंपनीमार्फत, पावतीसह भरली जाते. दोन वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या बाईला 18 उत्तरं येणार नाहीत असं मला वाटत नाही. नापास झालात तरी पुन्हा फी भरून पुन्हा बसता येतं.

दुसरीकडे, केंद्रावर ओळखपत्र पाहतात, फोटो घेतात. तिथे तुमच्या नावावर दुसरं कोणी बसलं तर ती सरळ फसवणूक होते, आणि ती तुमच्या नावावर नोंदली जाते. फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला विमा कायदा एजंट होऊ देत नाही. म्हणजे ज्या कामासाठी हा उपद्व्याप, त्याचंच दार बंद. ते गृहस्थ मात्र सहा हजार घेऊन पुढच्या वहिनींकडे गेलेले असतील.

आता लायसन्स देतं कोण, ते समजून घ्या, म्हणजे मध्ये कोणाची गरज आहे आणि कोणाची नाही हे आपोआप कळेल. आपल्याकडे सगळे अजून "लायसन्स काढलं" म्हणतात. पूर्वी ते तसंच होतं. विमा नियामक, म्हणजे हैदराबादचं आयआरडीएआय, एजंटला तीन वर्षांसाठी लायसन्स देत असे. 2015 मध्ये 1938 च्या विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल 2016 पासून नव्या नियमांनी एजंट नेमण्याचं काम विमा कंपन्यांकडेच आलं. आता परीक्षा पास झाल्यावर कंपनीचा नेमलेला अधिकारी तुमचा अर्ज तपासतो आणि कंपनी नेमणूकपत्र, एजन्सी कोड आणि ओळखपत्र देते. नियामकाकडे देशभरातल्या एजंटांची एकत्र यादी असते.

याचा अर्थ, कोड देऊ शकणारी माणसं कंपनीतच बसतात. एलआयसीत विकास अधिकारी असतात, ज्यांना सगळे डीओ साहेब म्हणतात. खासगी कंपन्यांत एजन्सी मॅनेजर किंवा सेल्स मॅनेजर. त्यांची कमाई त्यांनी उभ्या केलेल्या एजंटांच्या धंद्यावर चालते. त्यामुळे त्यांना चांगल्या एजंटची तुमच्याइतकीच गरज असते, आणि तुम्हाला नेमण्यासाठी पैसे मागण्याचं त्यांना काही कारण नाही. सरळ कस्तुरचंद पार्क, एलआयसी चौक किंवा सीताबर्डी भागातल्या एखाद्या शाखेत जा. मानेवाड्याजवळ शाखा असेल तर तिथे, कारण पुढे तुम्हाला तिथे वारंवार जावं लागणार आहे. दोन-तीन अधिकाऱ्यांशी बोला. प्रशिक्षण स्वतः घेणार का, पहिल्या काही ग्राहकांकडे सोबत येणार का, हे विचारा. जो नुसतं "किती नातेवाईक आहेत?" एवढंच विचारतो, त्याच्याकडे जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला तुमच्यात रस नाही, तुमच्या फोनमधल्या नंबरांत आहे.

शिक्षणाची अट दहावी पास आणि वयाची 18 पूर्ण. तुम्ही दोन्हींत बसता. बारावीची गरज नाही, पण प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा.

कागदांचा घोळ मात्र आधी सोडवा, कारण माझ्या पाहण्यात लग्न झालेल्या बायकांचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडकतात. नेमणूक पॅनवर होते, परीक्षेच्या ओळखपत्रावरचं नाव अर्जाशी जुळावं लागतं, कमिशन बँक खात्यात येतं आणि त्यातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, पुन्हा पॅनवरच दिसतो. तेव्हा पॅन, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. तुमचं आधार सासरच्या नावानं आहे, तर पॅन तसं करून घ्या. पॅन दुरुस्तीसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागेल. ते नसेल तर महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात विवाह नोंदणीची चौकशी करा. पॅन दुरुस्त झालं की ते आधारशी जोडलेलं आहे ना, ते तपासा. जोडलेलं नसलं तर पॅन निष्क्रिय धरलं जातं आणि कमिशनवर कर जास्त कापला जातो. दहावीची मार्कशीट माहेरच्या नावानं असली तरी चालते. तिच्यात बदल करायच्या भानगडीत पडू नका. तिच्यासोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत लावा म्हणजे दोन्ही नावांचा दुवा मिळतो. हे सगळं व्हायला काही आठवडे जातील. तो वेळ अभ्यासाला वापरा.

अभ्यासाचं साहित्य कंपनी देते, मराठीतही मिळतं. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या मराठी पुस्तकाची भाषा जड आहे. वाचताना घाबरू नका. अधिकाऱ्यानं वर्गात वापरलेले शब्द, म्हणजे प्रपोजल (विम्याचा अर्ज), अंडररायटिंग (अर्ज तपासून जोखीम ठरवणं), नॉमिनी, सरेंडर (पॉलिसी मुदतीआधी मोडणं), लॅप्स (हप्ता न भरल्यानं पॉलिसी बंद पडणं), हे त्या पुस्तकातल्या शब्दांसमोर पेन्सिलनं लिहीत जा. आठवड्याभरात पुस्तक ओळखीचं वाटायला लागेल. परीक्षेत विम्याची तत्त्वं, कराराचे नियम, पॉलिसीचे प्रकार, प्रपोजलपासून क्लेमपर्यंतची कागदपत्रं आणि ग्राहकाच्या तक्रारीचे मार्ग यांवर बरेच प्रश्न असतात. एकदा पास झालात की ते प्रमाणपत्र पहिल्या नेमणुकीसाठी 12 महिने चालतं. म्हणून पास होऊन वर्षभर घरी बसू नका.

गणिताचं म्हणाल तर त्यात फार अवघड काही नाही. एक नमुना देतो. एक माणूस वर्षाला 3,00,000 कमावतो, त्यातले 60,000 स्वतःवर खर्च करतो. तो उद्या नसला तर घराचं वर्षाला 2,40,000 चं नुकसान. 8 टक्के व्याज मिळेल असं धरलं, तर किती रक्कम बँकेत ठेवली की दर वर्षी 2,40,000 येतील? 2,40,000 भागिले 0.08, म्हणजे 30 लाख. या माणसाला साधारण एवढ्या विम्याची गरज आहे. आठवीतल्या मुलीच्या वहीत याहून अवघड गणितं असतील. पण हे गणित परीक्षेनंतर विसरू नका. विमा कंपनीत असताना मी ज्या पॉलिसींचे क्लेम पाहिले त्यांतल्या फार मोठ्या भागात विमा दोन-चार लाखांचा होता आणि मागे राहिलेल्या बाईसमोर मुलांची वीस वर्षं होती. विकणाऱ्यानं हप्त्याकडे पाहिलं होतं, घराच्या गरजेकडे नाही.

आता तुमच्या मिस्टरांचं. इथे मी जरा सविस्तर लिहितो. ते वाईट हेतूनं म्हणत नाहीत हे मला समजतं. नागपुरात आणि साऱ्या राज्यातच सरकारी नोकराच्या बायकोच्या नावानं एजन्सी आणि धंदा नवऱ्याचा, ही पद्धत इतकी रुळलेली आहे की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतच नाही.

पण तुमचे मिस्टर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 खाली येतात. त्या नियमांप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्यानं खासगी धंदा करायचा नाही. आणि पत्नी किंवा घरच्या माणसाच्या विमा एजन्सीसाठी त्यानं लोकांना गळ घालणं हाही नियमभंगच धरला जातो. उद्या कार्यालयातल्या एका माणसाशी बिनसलं आणि त्यानं लेखी तक्रार केली, तर चौकशी त्यांच्या नोकरीची होईल. घरातला पक्का पगार धोक्यात घालून कमिशन मिळवणं परवडणारं नाही.

तुम्ही स्वतः एजन्सी चालवण्याला मात्र कोणाची आडकाठी नाही. पत्नी विमा एजन्सी चालवते हे त्यांनी आपल्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. कोड मिळाला की आस्थापना शाखेत एक साधा अर्ज द्यायला सांगा आणि त्याची पोच जपून ठेवा. तेवढ्यानं दोघंही निर्धास्त.

आणि "तू फक्त सह्या कर" या वाक्यात काय दडलंय ते ऐका. आयुर्विम्याच्या प्रपोजलसोबत एजंटचा गोपनीय अहवाल असतो. त्यात एजंट लिहून देतो की या माणसाला मी ओळखतो, त्याला भेटलो आहे, त्याचं उत्पन्न, तब्येत, सवयी मला अशा दिसल्या. मिस्टर ऑफिसात फॉर्म भरून आणतील आणि तुम्ही ज्याला पाहिलंही नाही त्याच्याबद्दल त्या अहवालाखाली सही कराल. मी बरीच वर्षं विमा कंपनीच्या शाखेत क्लेमच्या टेबलावर काम केलं आहे. एकदा एका मृत माणसाच्या प्रपोजलमध्ये "मधुमेह नाही" असं लिहिलं होतं, आणि दवाखान्याच्या कागदांत तो विम्याआधी सहा वर्षांपासूनचा निघाला. एजंट म्हणून सही एका गृहिणीची. तिला बोलावलं तर ती रडायलाच लागली. तिला त्या माणसाचं नावसुद्धा आठवेना. तिच्या नवऱ्यानं सगळं केलं होतं आणि त्यालाही ती साखरेची गोष्ट माहीत होती. पॉलिसीला तीन वर्षं व्हायची होती. क्लेम नाकारला गेला आणि समोर बसलेल्या विधवेला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तीन वर्षांचा उल्लेख केला, तो विमा कायद्याच्या कलम 45 मुळे. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर आयुर्विमा कंपनी पॉलिसीवर कोणत्याही कारणानं प्रश्न उभा करू शकत नाही. त्याआधी मात्र लपवलेली माहिती सापडली तर क्लेम अडतो. म्हणून प्रपोजल भरताना साखर, बीपी, तंबाखू, जुनं ऑपरेशन, सगळं विचारा आणि जसंच्या तसं लिहा. आपल्याकडे खर्रा खाणारा माणूस "मी तंबाखू खात नाही" असं अगदी सहज सांगतो. त्याला समजावून सांगा की यामुळे हप्ता थोडा वाढेल, पण बायकोला पैसे मिळतील. हे काम ज्यानं परीक्षेचा अभ्यास केला आहे आणि जो स्वतः समोर बसला आहे तोच करू शकतो. म्हणून मी एवढ्या आग्रहानं सांगतो की परीक्षा तुम्ही द्या, ग्राहकाकडे तुम्ही जा, सही तुम्ही करा. मिस्टरांनी मदत करायचीच असेल तर तुम्ही संध्याकाळी बाहेर असाल तेव्हा मुलांचं जेवण बघावं आणि नूतनीकरणाच्या तारखांची वही लिहून द्यावी. ती मदत फार मोठी आहे.

विमा सखीचं विचारलंत. एलआयसीची ही योजना 9 डिसेंबर 2024 ला सुरू झाली, 18 ते 70 वयाच्या दहावी पास बायकांसाठी. पहिल्या वर्षी महिन्याला 7,000, दुसऱ्या वर्षी 6,000, तिसऱ्या वर्षी 5,000 रुपये विद्यावेतन, आणि कमिशन वेगळं. एलआयसीच्या सध्याच्या एजंटांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या जवळच्या नातेवाईक बायकांना ती मिळत नाही. तुमच्या दोन्ही घरांत एजंट नाही म्हणता. सासर-माहेरचं कोणी एलआयसीत नोकरीलाही नसेल तर तुम्ही अर्ज करू शकता.

पण हे पैसे कामाच्या अटीवर आहेत, आणि ही नोकरी नाही. पहिल्या वर्षात 24 जणांचा विमा आणि बोनस कमिशन सोडून 48,000 चं पहिल्या वर्षाचं कमिशन, अशी अट आहे. हिशेब करून पाहा. कमिशन सरासरी 20 टक्के धरलं तर 48,000 साठी 2,40,000 चा हप्ता जमवावा लागतो. 24 पॉलिसींत वाटला तर प्रत्येकी वर्षाला 10,000. महिन्याला दोन कुटुंबं, वर्षाला दहा-दहा हजार भरणारी. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर या पट्ट्यात हे अशक्य नाही, पण सहजही नाही. दुसऱ्या वर्षाच्या विद्यावेतनाला आणखी एक अट जोडलेली आहे. पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी निदान 65 टक्के चालू असायला हव्यात. मला योजनेतली हीच अट सगळ्यात चांगली वाटते. विद्यावेतनासाठी मार्चमध्ये कोणाच्याही गळ्यात पॉलिसी मारणाऱ्या बाईला दुसऱ्या वर्षी अडचण येते, आणि जिनं नीट माणसं पाहून विमा दिला तिला ती येत नाही.

पैसे सुटतात का, या प्रश्नाचं उत्तर याच्यातच आहे. कमिशन पहिल्या वर्षी जास्त आणि पुढच्या वर्षांना कमी, पण हप्ता भरला जातो तोपर्यंत दर वर्षी येतं. 30,000 चा हप्ता आणि 20 टक्के धरा, पहिल्या वर्षी 6,000. पुढे 5 टक्के धरले तर वर्षाला 1,500. एका पॉलिसीचे 1,500 काहीच नाहीत. दीडशे पॉलिसी टिकून राहिल्या तर तो घरखर्चाचा भाग होतो. पहिली दोन वर्षं कमाई कमी आणि पायपीट जास्त, असं धरून चला. शिकवणीतली उरलेली मुलं लगेच सोडू नका. कमिशनवर 2 टक्के टीडीएस कापला जातो, एका आर्थिक वर्षात ते 20,000 च्या वर गेलं की. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. सरकारी नोकराच्या घरात विवरणपत्र नवं नाही, तेव्हा आता तुमचंही वेगळं भरायचं.

नातेवाईक संपले की धंदा संपतो, हे ज्यांनी नातेवाईकांपासूनच सुरुवात केली त्यांच्याबाबतीत खरं आहे. मामा-काकांनी भिडेखातर घेतलेली पॉलिसी दुसऱ्या वर्षी लॅप्स होते आणि दिवाळीला त्यांच्याकडे जायचं अवघड होऊन बसतं. तुमच्याकडे याहून चांगली सुरुवात आहे. ज्या मुलांना तुम्ही शिकवलं त्यांच्या आया तुम्हाला ओळखतात, तुमच्यावर विश्वास ठेवतात आणि त्यांची मुलं लहान आहेत. विम्याची खरी गरज असलेली घरं तीच. त्यांतल्या कितीतरींचे नवरे बुटीबोरीला किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहेत, शिफ्टला दुचाकीनं जातात. अशा घरी आधी टर्म विम्याबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याबद्दल, बोला. त्यात कमिशनची रक्कम कमी असते हे मला माहीत आहे. तरी आधी तेच.

आणि ज्या घरात पाच हजारांचाही हप्ता जमत नाही, तिथे विकू नका. त्यांना बँकेत घेऊन जा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपयांत आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा 20 रुपयांत मिळतो. दोन्हींत 2-2 लाखांचं संरक्षण, एकात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर आणि दुसऱ्यात अपघातासाठी. तुम्हाला त्यातून एक रुपया मिळणार नाही. पण त्या बाईला तुम्ही बरोबर तेच सांगितलं होतं हे ती पाच घरी सांगेल.

एलआयसी की खासगी, आयुर्विमा की आरोग्य, हाही प्रश्न पुढे येईलच. कायद्यानं तुम्ही एका वेळी एकाच आयुर्विमा कंपनीच्या एजंट होऊ शकता. त्यासोबत एक साधारण विमा (गाडी, आग, चोरी वगैरेंचा) कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. आधी आयुर्विमा घ्या, हात बसला की आरोग्य विमा जोडा. आरोग्य विमा दर वर्षी नव्यानं करावा लागतो, त्यामुळे ग्राहकाशी संबंध राहतो, आणि खासगी दवाखान्याच्या बिलानं कर्जात बुडालेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आरोग्य विम्यावर तो आधी 18 टक्के होता. महागाईचं कारण सांगून टाळणाऱ्या माणसाला हे जरूर सांगा. मात्र जुन्या आजाराला प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, जास्तीत जास्त 36 महिन्यांचा, हेही त्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितलं तर ते फसवल्यासारखं वाटतं.

एका गोष्टीसाठी मन आधीच पक्कं करून ठेवा. पहिल्याच महिन्यात कोणीतरी विचारेल, "वहिनी, पहिल्या हप्त्यात किती सोडता?" इतवारीचा व्यापारी असो नाहीतर शाळेतले सर, हा प्रश्न येतोच, कारण आधीच्या एजंटांनी सवय लावून ठेवली आहे. कमिशनमधून ग्राहकाला पैसे परत देणं विमा कायद्याच्या कलम 41 खाली बंद आहे. दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो. पॉलिसीच्या माहितीपत्रकाच्या शेवटी हे कलम छापलेलं असतं. ते पान दाखवा आणि नम्रपणे नाही म्हणा. काही ग्राहक जातील. पहिला हप्ता फुकटात पडला म्हणून पॉलिसी घेणारा माणूस दुसरा हप्ता सहसा भरत नाही, तेव्हा तो गेल्याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

पॉलिसी हातात आली की ग्राहकाला 30 दिवस मिळतात. या काळात नको वाटली तर तो ती परत करू शकतो. हे स्वतःहून सांगा. जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला कोणालाही सांगू नका. त्यात तुमचं कमिशन होतं आणि त्याचं नुकसान.

शेवटी या आठवड्याचं काम. पॅन दुरुस्तीचा अर्ज भरा. दोन शाखांत जाऊन या, उन्हाचे दिवस असतील तर सकाळी अकराच्या आत. आणि त्या गृहस्थांकडे तुमच्या पॅन-आधारच्या झेरॉक्स आधीच गेल्या असतील तर आयआरडीएआयच्या एजन्सी पोर्टलवर स्वतःचा पॅन टाकून पाहा. कोणत्या कंपनीत तुमच्या नावानं एजंटची नोंद आहे ते तिथे दिसतं. तिथे काहीच निघालं नाही तर उत्तम. न विचारता नोंद झालेली निघाली तर त्या कंपनीच्या शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर नियामकाच्या 155255 या क्रमांकावर कळवा. यापुढे कोणालाही झेरॉक्स देताना तिच्यावर तारीख टाका, "फक्त अमुक कंपनीच्या एजन्सी अर्जासाठी" असं आडवं लिहा आणि खाली सही करा. मूळ मार्कशीट फक्त दाखवायची, ठेवून घ्यायला कोणालाही द्यायची नाही.